आप्पांची बीएसए एम-२० : अठ्ठावीस वर्षं कडब्याखाली, आता कुठून सुरुवात करू?

चोपड्याची_लेक · ११ ऑगस्ट

सगळ्यांना नमस्कार. बरेच महिने इथले धागे वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच.

चोपडा तालुक्यात आमचं गाव. गेल्या पावसात खळ्यातली पडवी एका बाजूने खचली, म्हणून कडबा हलवला. त्याच्यामागे आजोबांची मोटारसायकल निघाली. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. युद्धानंतर देवळालीला लष्कराचा जुना माल निघाला त्यात त्यांनी ती घेतली, असं आई सांगते. ती तिथेच उभी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बघायला गेलं नव्हतं.

टाकीवर हाताने मारलेला निळा ऑइलपेंट आहे. इंजिनावर डब्ल्यूएम-२० ही अक्षरं आणि पुढे आकडे आहेत. मागच्या चाकाला स्प्रिंगच नाही. किक जागची हलत नाही. सीटखाली उंदरांनी घर केलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. स्कूटीचा प्लग बदलता येतो, त्यापलीकडे हाताला काही येत नाही. गाडी विकायची नाही, दिवाणखान्यात शोभेला ठेवायचीही नाही, चालवायची आहे. पहिल्या दिवशी काय करावं आणि काय करू नये, सांगाल का?

बुलेट_धुळे · ११ ऑगस्ट

ताई, तुमच्याकडे काय उभं आहे ते आधी सांगतो. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मुळात बंदुका करणारी कंपनी, १८६१ ची. एम-२० हे त्यांचं ४९६ सीसीचं एका सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन. १९३७ ला बाजारात आलं आणि १९५५ पर्यंत बनत राहिलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी सव्वा लाखाच्या वर गाड्या बनल्या. तुमच्या नंबरातला डब्ल्यू म्हणजे वॉर डिपार्टमेंट, तेव्हा देवळालीची गोष्ट जुळते.

ताकद १३ हॉर्सपॉवर. आजच्या सव्वाशे सीसीच्या गाडीहून फारशी जास्त नाही. पण कमी वेगातही जी ओढण्याची ताकद आहे तिला तोड नाही, चिखलात ओझं घेऊन जायलाच ती बनवलेली.

पहिला सल्ला आपल्या बोलीत देतो: एक बी नट फेकजो नको. गंजलेला, तुटलेला, वाकलेला, सगळा डब्यात ठेव. नवा बनवून घ्यायचा झाला तर माप त्यावरूनच मिळतं.

गिरणाकाठ · १२ ऑगस्ट

किक हलत नाही म्हणता, तर तिच्यावर उभं राहून जोर लावू नका. पिस्टन गंजाने ब्लॉकला धरलाय. जोर लावला तर किकच्या गराऱ्या तुटतील, नाहीतर रिंगा ब्लॉकवर ओरखडे काढतील. प्लग काढा. त्या भोकातून निम्मं डिझेल, निम्मं पातळ तेल सोडा आणि विसरून जा. तीन-चार दिवसांनी पुन्हा घाला. पंधरवड्यानंतर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढेमागे डोलवा. डोलवायचं, ओढायचं नाही. हलायचं असेल तर केसभर हलेल, आणि तो केसभर पुरेसा असतो.

चोपड्याची_लेक · २ सप्टेंबर

डिझेल तीनदा घातलं, चाक अजून जागचं हलत नाही. पण आज दुसरंच दुखणं घेऊन आलेय.

धीर सुटला म्हणून जवळच्या गावातल्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने १३ चा पाना लावून पाहिला, बसला नाही. १४ चा लावला, तो फिरला. मग पाइप रेंच लावून हातोडी मारली. हेडच्या दोन नटांचे कोपरे गोल झाले आणि एक स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो ती आट्यांची काडी, अर्ध्यातून तुटला. मी तिथेच उभी होते आणि थांबवलं नाही, हे मनाला फार लागलंय. त्या नटांना सत्तर-ऐंशी वर्षांत कुणी ओरबाडलं नव्हतं.

फिटर_भुसावळ · २ सप्टेंबर

बेटा, मी रेल्वेतला निवृत्त फिटर. वाफेच्या इंजिनांवर उमेदवारी केली, नंतर डिझेलवर आलो. तुझं वाचलं आणि लिहिल्यावाचून राहवलं नाही.

तुझ्या गाडीत मिलिमीटरचा एकही बोल्ट नाही, तिथे व्हिटवर्थचा हिशेब चालतो. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात आट्यांचं पहिलं प्रमाण घालून दिलं. त्या पान्यावर जो आकडा असतो तो पान्याच्या तोंडाचा नाही, बोल्टाच्या जाडीचा असतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड भरतं ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. म्हणून १३ चा जात नाही आणि १४ चा कोपरे खातो. त्या माणसाकडे योग्य पानाच नव्हता. पण पाना नसेल तर हात मागे घ्यावा, हातोडी उचलू नये.

आता आट्यांचं. व्हिटवर्थ आणि बीएसएफ (त्याचाच बारीक आट्यांचा भाऊ) यांच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, आपल्या मिलिमीटरच्या आट्याचा ६०. त्यात सायकल थ्रेड नावाचा तिसरा प्रकार तुझ्या गाडीत आहे, त्याचाही कोन ६०. पाव इंची बीएसएफचे एका इंचात २६ आटे आणि पाव इंची सायकल थ्रेडचेही २६. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतील, बोटांनी फिरवले तर दोन फेरे जातीलसुद्धा, मग अडतील. अडला की थांबायचं. पाच सोळांश इंची भोकात ८ मिलिमीटरचा बोल्ट असाच दोन आटे जातो, आणि जोर लावला की भोकातले आटे कायमचे मरतात.

माझ्याकडे व्हिटवर्थचा पूर्ण जुडगा आहे. निवृत्तीनंतर तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. आमच्या वाफेच्या इंजिनांवरही हाच हिशेब चालायचा. माझ्या घरात आता कुणाला त्याचा उपयोग नाही. येऊन घेऊन जा. पत्ता निरोपातून पाठवतो.

आजीची_गोधडी · ३ सप्टेंबर

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण काकांचं हे वाचून डोळे भरून आले. ताई, तुम्ही जा आणि परत येऊन इथे लिहा.

चोपड्याची_लेक · १७ सप्टेंबर

जाऊन आले. काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, उठूच देत नव्हत्या. काकांनी ओट्यावर गोणपाट सोडलं आणि एकेक पाना माझ्या हातात देत त्याचं माप मला मोठ्याने म्हणायला लावलं. माझी विद्यार्थ्यांकडून पाढे म्हणून घ्यायची हीच रीत आहे.

तुटलेल्या स्टडचा इलाजही त्यांनीच सांगितला. भोवतीचं लोखंड गॅसच्या बत्तीने तापवायचं, गरम असतानाच मेणबत्तीचं मेण लावायचं, ते आट्यांत आपोआप ओढलं जातं. निवलं की पुन्हा तापवायचं. चौथ्या खेपेला स्टड निघाला. बाकीचे नट योग्य पान्याने हलक्या हाताने सुटले. मला अजून खरं वाटत नाही.

हेड उचललं तर ब्लॉकमध्ये गंजाचं एक कडं दिसलं. साइड व्हॉल्व्ह म्हणजे काय ते आता समोर बघून समजलं: व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या शेजारी उभे आहेत, म्हणून हेड म्हणजे नुसतं झाकण. गाडी उभी केली तेव्हा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार, दमट हवा तिथूनच आत आली. विसाव्या दिवशी पिस्टन हलला. रात्रीचे अकरा वाजले होते, मी आईला उठवून दाखवलं.

लेथ_जळगाव · १८ सप्टेंबर

अभिनंदन ताई. ब्लॉकला बोअर करावं, म्हणजे आतून कापून थोडं मोठं करावं लागेल असं दिसतं. यात नवखे लोक एक चूक नेहमी करतात, म्हणून आधीच सांगतो: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करून घेऊ नका. मूळ बोअर ८२ मिलिमीटर. वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा पिस्टन म्हटलं तर साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो, पण प्रत्येक पिस्टन जसा छापलाय तसाच भरतो असं नाही. आपल्याकडे बनलेले नवे भाग स्वस्त असतात, काही उत्तमही असतात, तरी मी मोजल्याशिवाय एकही वापरत नाही. आधी पिस्टन मोजायचा, मग त्याच्या मापाने ब्लॉक कापायचा.

आणि इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या केसवर वाळूचा मारा कुणालाही करू देऊ नका. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत राहिला तर बेअरिंग गेलंच. रॉकेल, ब्रश आणि वेळ, एवढ्यावर भागतं.

गिरणाकाठ · १८ सप्टेंबर

ब्रेकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर धूळ फुंकायची नाही, हवेच्या पाइपने तर अजिबात उडवायची नाही. ओल्या फडक्याने टिपायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं आणि तोंडाला मास्क लावायचा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना त्या दिवशी जवळ येऊ देऊ नका.

पुणेकर_खान्देशी · ५ ऑक्टोबर

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गाडी फौजेची आहे, तेव्हा निळा ऑइलपेंट खरवडून काढा आणि मूळचा लष्करी रंग द्या. बर्मिंगहॅममधून गाडी ज्या रूपात निघाली त्या रूपात तिला आणणं म्हणजेच रिस्टोरेशन. ब्रिटनमधला विंटेज मोटरसायकल क्लब १९४६ पासून आहे, बीएसएच्या कारखान्याच्या नोंदवह्या त्यांच्याकडे जपलेल्या आहेत. इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर कळवलात तर गाडी कधी, कुठे रवाना झाली ते कळू शकतं. एवढा पुरावा हाताशी असताना घरगुती रंग ठेवायचा कशाला?

चोपड्याची_लेक · ६ ऑक्टोबर

नंबर नक्की कळवते, ही माहिती फार मोलाची आहे.

रंगाबाबत मात्र तुमचं ऐकणार नाही, रागावू नका. फौजेने ही गाडी फार तर चार-पाच वर्षं वापरली. आप्पांनी जवळपास चाळीस वर्षं चालवली. कपाशीच्या भावाची चौकशी करायला ते तिच्यावरून अमळनेरला जायचे, आईला बाळंतपणाला दवाखान्यात तिच्यावरूनच नेलं. तो निळा रंग त्यांनी बैलगाडीच्या चाकांसाठी आणला होता, उरला म्हणून टाकीला दिला. पोळ्याला बैलांच्या शिंगांनाही तोच लागायचा. टाकीच्या खाली, जिथे सहसा दिसत नाही तिथे, नखाएवढा पोपडा मी हलकेच काढून पाहिला. आत हिरवा आहे, त्याच्याखाली मातकट. तेवढी जागा तशीच उघडी ठेवणार आहे. बाकी निळा राहील.

बुलेट_धुळे · ६ ऑक्टोबर

मी पुणेकरांच्या बाजूने लिहायला बसलो होतो, ताईंचं वाचून मत बदललं. रंग पुन्हा कधीही देता येतो, पण आप्पांच्या हाताचा हा रंग एकदा खरवडला की संपला.

टायरची चिंता करू नका. ३.२५–१९ चं माप जुन्या ३५० बुलेटचंही आहे, नवे सहज मिळतात. आणि बुलेटचा जुना हात असलेलं घरात कुणी असेल तर त्यांना बोलवा. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. तुमचे पाय आधी चुकणारच.

चोपड्याची_लेक · २१ डिसेंबर

मधले दोन महिने परीक्षा आणि केळीच्या कापणीत गेले. पिस्टन आला, लेथवाल्या दादांनी मोजून ब्लॉक केला आणि मजुरी सांगितली त्याच्या निम्मीच घेतली. घरी भरीत-पुरीचा बेत होता, त्यांना जेवायला थांबवून घेतलं.

टाकीतला गंज काढायला साखर कारखान्याची मळी वापरली. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, तीन आठवडे. वास अंगणभर पसरला, पण आतून लोखंड करड्या रंगाचं, स्वच्छ निघालं. निळ्या रंगाला धक्का लागला नाही. आता विचारायचं ते पेट्रोलचं. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं येतं. या इंजिनाला ते चालेल?

गिरणाकाठ · २२ डिसेंबर

इंजिनाला चालेल. एम-२० चं कॉम्प्रेशन पाचाच्या आतच आहे. युद्धकाळात तिला जे पेट्रोल मिळायचं ते आजच्यापेक्षा कितीतरी हलकं होतं, तेव्हा ठोका येण्याची भीती नाही. अडचण दुसरीकडे आहे. पेट्रोलच्या नळातली कॉर्कची बुचं जुन्या पद्धतीच्या लाखेने माखलेली असतात, ती लाख इथेनॉलमध्ये विरघळते. जुना रबरी पाइप फुगतो. तेव्हा दोन्ही बदला. टाकीच्या आत लेपाचं औषध ओतू नका, काही लेप इथेनॉलने सुटून कार्बुरेटरमध्ये येतात. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बुरेटर रिकामा करा. मेन जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा लागेल, कारण इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. प्लगचा रंग बघून ठरवा, पांढरा पडला तर मोठा.

चोपड्याची_लेक · २४ मार्च

चालू झाली!

आणि बंदही झाली.

सगळं क्रमाने लिहिते. काकांनी फोनवरून एकेक पायरी सांगितली. पेट्रोलचा नळ उघडला. कार्बुरेटरचं बटण दाबून पेट्रोल बाहेर ठिबकू दिलं. हँडलवरच्या दांड्याने ठिणगी निम्मी मागे घेतली. ती मागे घेतली नाही तर किक उलटी येते आणि पाय मोडतो, हे काकांनी तीनदा बजावलं. व्हॉल्व्ह लिफ्टर ओढून पिस्टन माथ्याच्या जरासा पुढे नेला, किक वर येऊ दिली आणि मग पूर्ण वजन टाकलं. पाचव्या किकला लागली. बॅटरी बसवलेलीच नाही, तरी लागली! मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो हे वर्गात शिकवलंय, पायाखाली पहिल्यांदा कळलं.

तेलाच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं, परतीच्या नळीतून तेल येत होतं. वीसेक मिनिटं चालली. मग फट्फट् करून थांबली आणि पुन्हा लागेना. संध्याकाळी गार झाल्यावर पहिल्या किकला लागली. दुपारी ४० अंशांच्या वर तापमान होतं. आज तिसऱ्यांदा हेच झालं.

फिटर_भुसावळ · २४ मार्च

गार असताना लागते, तापल्यावर मरते. कार्बुरेटरला दोष देण्याआधी मॅग्नेटो बघ. त्याच्या आर्मेचरमध्ये कंडेन्सर असतो, तो वयाने जातो. आणि जुन्या वाइंडिंगवर लाखेचा थर असायचा, तो उन्हाळ्यात मऊ पडतो. आधी पॉइंटचं, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टोकांचं, अंतर बारा थाऊ आहे का ते पाहा. मग अंधारात झाकण काढून किक मारून बघ. पॉइंटवर निळी मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेलाय.

वाइंडिंग_पारोळा · २५ मार्च

विहिरीच्या मोटारी बांधण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवेल. आधीच सांगतो, मॅग्नेटोचं दुय्यम वाइंडिंग मी करणार नाही. ती तार केसाहून बारीक असते आणि हजारो वेढे असतात. माझं यंत्र त्यासाठी नाही. हे काम नेहमी करणाऱ्या माणसाकडेच द्या आणि कंडेन्सर नव्या जातीचा टाकायला सांगा. पाठवण्याआधी आर्मेचर माझ्याकडे आणलंत तर वाइंडिंग तुटलंय की नुसता कंडेन्सर गेलाय तेवढं तपासून देईन. पैसे नकोत.

चोपड्याची_लेक · २९ मार्च

पारोळ्याला जाऊन आले. पॉइंटवर निळी ठिणगी दिसलीच होती. दादांनी तपासलं, तर वाइंडिंगची लाखही जागोजाग ओघळून जमली होती. दोन्ही करावं लागेल. पुण्याच्या एका कारागिराकडे पाठवलंय, तीन आठवडे म्हणतात.

तोवर कागदांचं. गाडीच्या नोंदणीचं जुनं पुस्तक सापडलं, आप्पांच्या नावावर आहे. पुढे काय?

पुणेकर_खान्देशी · ३० मार्च

पुस्तक सापडलं हे मोठं भाग्य. वारसाने नाव लावायला फॉर्म ३१ असतो, मृत्यूचा दाखला आणि घरच्यांची संमती जोडा. त्यानंतर विंटेज नोंदणी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम केला: पन्नास वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपात राखलेलं वाहन विंटेज म्हणून नोंदवता येतं. नव्याने नोंदवायला २० हजार रुपये, पूर्वीची नोंदणी असेल तर जुना क्रमांक राखता येतो. विंटेज नोंदणी दहा वर्षांची असते. पण त्या नोंदणीवर रोज वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतंच रस्त्यावर आणता येतं. तुम्हाला शेतात-गावात चालवायची असेल तर आधी परिवहन कार्यालयात साध्या नोंदणीचं नूतनीकरण होतं का ते विचारा, लगेच विंटेजकडे जाऊ नका.

आणि रंगाबद्दल: टाकीच्या खालच्या त्या उघड्या जागेचा फोटो पाहिला. तुम्ही बरोबर केलंत.

चोपड्याची_लेक · आखाजीच्या रात्री

मॅग्नेटो परवा आला. काल काका-काकू भुसावळहून आले. काकांनी मला पाना हातात देऊन स्वतः बाजेवर बसून घेतलं, एकदाही उठले नाहीत. ठिणगीचं टायमिंग मी लावलं.

आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. दोन्ही बहिणी माहेरी आल्यात, अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय, घरात पुरणाचे मांडे आणि आमरस. दुपारी दोन वाजता, मुद्दाम सगळ्यात कडक उन्हात, गाडी काढली. दुसऱ्या किकला लागली. गावाबाहेरच्या रस्त्याने तापीच्या दिशेने निघाले आणि पाऊण तास थांबले नाही. परत येऊन बंद केली, लगेच किक मारली, लागली. पुन्हा बंद केली, पुन्हा लागली.

मग आई म्हणाली, मला बसव. पासष्ट वर्षांची आई आप्पांच्या गाडीवर माझ्यामागे बसली आणि मारुतीच्या पारापर्यंत एक शब्द बोलली नाही. उतरताना म्हणाली, आवाज तोच आहे.

एक प्रश्न उरलाय. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. क्लच घसरतोय ना?

बुलेट_धुळे · आखाजीच्या रात्री

चालू व्हयनी! मना घरमा बठ्ठासले वाची दाखाडं. (माझ्या घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.)

फिटर_भुसावळ · दुसऱ्या दिवशी सकाळी

हो, क्लचच. आधी केबलला थोडी मोकळीक दे आणि बघ. तरी घसरला तर प्लेटा काढून पेट्रोलने धू, तेल लागलं असेल. क्लचच्या मधल्या नटाला लागेल तो मोठा पाना जुडग्यात नव्हता, तो माझ्या पेटीत राहिलाय. रविवारी घेऊन येतो.